उम्म सालेमची पिशवी

बहरीनमध्ये, माहूज भागातल्या आमच्या इमारतीत कनीजआपाला सगळे ओळखतात. पण गेले काही आठवडे ती रोज पहाटे घराबाहेर पडून उम्म सालेम व्हायची, हे फक्त मला ठाऊक होतं.

ती मूळची रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. विशीत लग्न करून ताहिरभाईंबरोबर बहरीनला आली. ते ज्या अरबी घराची गाडी चालवायचे, त्याच घरातली मुलं ती सांभाळू लागली. ती मुलं बोलायला शिकली तशी हीसुद्धा त्यांच्याबरोबर अरबी शिकली. आज तिचं अरबी ऐकून भाजीवाला तिला इथलीच समजतो. ती मुलं मोठी झाली, लांब गेली. ताहिरभाईही गेले. तिला स्वतःचं मूल झालं नाही. आमच्या समोरच्या घरात ती एकटी राहते आणि शुक्रवारी खापरोळ्या करते. हळद-मेथीचा तो जाड, जाळीदार घावन आणि बरोबर नारळाच्या दुधाचा गोड रस.

मी सीफ भागातल्या ऑफिसात होते त्या वर्षांत माझा गंधार शाळेतून आला की तिच्याकडेच असायचा. दार उघडताना ती दप्तर उचलायची आणि विचारायची, "भूक लागली काय रे?" तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. फडक्याची गाठ कशी मारायची हेसुद्धा तो तिच्याकडूनच शिकला. दोन टोकं आत, तिसरं वरून, चौथं मोकळं.

गंधार पुढे युरोपातल्या एका लहानशा देशात शिकायला गेला आणि तिथलाच झाला. एक दिवस फोनवर म्हणाला, "आई, आय हॅव जॉइन्ड द आर्मी. डोन्ट पॅनिक." त्याचे बाबा, दत्तप्रसाद, मला समजावत म्हणाले, "अगं, तो तटस्थ देश आहे. तो कुणाशीच लढत नाही. तिथलं सैन्य म्हणजे गणवेश घातलेलं गिर्यारोहण." मीही तसंच धरून चालले. मग कळलं, की जे कुणाच्या बाजूचे नसतात त्यांनाच दोन बाजूंच्या मधोमध उभं करतात. गंधारची तुकडी परदेशी शांतिसेनेत जाणार होती. त्याआधी उन्हाची सवय व्हावी म्हणून त्यांचं शेवटचं प्रशिक्षण इथे, बहरीनच्या माळावर होतं. माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर माझा मुलगा तंबूत झोपत होता आणि त्याला भेटायची परवानगी नव्हती.

त्या माळावर त्यांनी सरावासाठी एक खोटं गाव उभारलं होतं. तिथे दिवसभर गावकरी व्हायला अरबी बोलणारी माणसं हवी होती. माणसं पुरवणारा मुख्तार कनीजआपाकडे आला.

"आपा, तुम्ही गावातली म्हातारी. नाव उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. सालेम इस्पितळात आहे आणि तुम्हाला चौकीतून पलीकडे जायचंय. रडायचं."

"रोज रडायचं? मग कांदा तुझा."

कांदा लागलाच नाही. संध्याकाळी परत आली की ती आमच्या बाल्कनीत बसायची आणि त्या गावाबद्दल सांगायची. प्लायवुडची घरं, दारं खरी, पण दार उघडलं की पलीकडे नुसतं आभाळ. पाणी नसलेली विहीर. हुसेन नावाचा एक म्हातारा बेकरीवाला, ज्याच्या भट्टीत कधी विस्तव नसायचा, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला तो म्हणायचा, "आजची रोटी संपली, उद्या या, इंशाल्ला." आपाने आपल्या घरापुढची वाळू झाडून काढली. डब्यात पुदिना लावला.

"खोट्या घराला कशाला गं पुदिना?" मी विचारलं.

"घर खोटं आहे गो. मी कुठे खोटी आहे?"

तिला दिलेल्या कागदावर सालेमबद्दल एकच ओळ होती. बाकीचा सालेम तिने स्वतःच घडवला. उंच आहे, चपला लवकर झिजवतो, माशाचा काटा काढून दिल्याशिवाय खात नाही. सगळं गाव तिला दिवसभर सालेमची आई म्हणायचं. सांगता सांगता ती थांबायची, समुद्रावरचं धुकं इमारतींच्या मधून सरकत यायचं, आणि मीसुद्धा विचारून जायचे, "आज ताप उतरला का सालेमचा?" ती मान हलवायची. "थोडा."

मग एके दिवशी ती आली ती दारातच उभी राहिली.

"शेवटची परीक्षा गुरुवारी. माझ्या पिशवीत तळाशी लाकडी पिस्तूल ठेवणार. शिपायाने ते शोधायचं. म्हातारीची दया येऊन सोडून दिलं तर तो नापास, तुकडीतून बाहेर, घरी परत." तिने पदर सारखा केला. "आणि चौकीवर आपला गंधार आहे. लांबून बघितला. त्याला माहीत नाय मी तिथे आहे ते."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"सांग, पाडू काय त्याला?"

समोर पुदिन्याची काडी ठेवली होती, तिने माझ्यासाठी आणलेली. मी ती पाण्यात ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती गेली होती.

गुरुवारी पहाटे तिच्या घरातून मेथीचा आणि वेलचीचा वास जिन्यापर्यंत आला. दिवसभर मी काही केलं नाही. मनात सारखी ती चौकी दिसत होती. कधी गंधार दहा वर्षांचा होऊन उभा, कधी त्याच्या जागी कुणी उंच, झिजलेल्या चपलांचा मुलगा. दोघांचीही मी आई होते.

संध्याकाळी ती आली, वाळूने माखलेली. खुर्चीत बसली आणि सांगू लागली.

"त्याने बघितलं माझ्याकडे. ओळखलं. ओठ हलले, खाला म्हणायला. पण नाय बोलला. अरबीत म्हणाला, आजी, सावलीत बसा, पाणी घ्या, पिशवी उघडायला लागेल. मी रडले. म्हटलं, पोरगा इस्पितळात आहे रे, जाऊ दे. तो म्हणाला, सोडतो, पण आधी पिशवी. मग मी आपल्या भाषेत, हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं, भूक लागली काय रे?"

"आपा!"

"थांब गो. त्याचा हात थांबला. पिशवीत वरच खापरोळ्या, फडक्यात बांधलेल्या, गरम. त्याने गाठ सोडली. वास आला असणार ना? डोळे भरले त्याचे. मला वाटलं, झालं, आता बांधणार आणि म्हणणार, जा. त्याने फडकं बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी, सांभाळून. मग तळापर्यंत हात घातला आणि पिस्तूल काढलं. माझ्याकडे बघून म्हणाला, माफ करा आजी." तिने पदराने तोंडावरची वाळू पुसली. "पास झाला तुझा मुलगा."

मला हसू की रडू ते कळेना. म्हणून मी भलतंच विचारलं. "खोट्या पिशवीत खऱ्या खापरोळ्या कशाला नेल्यास?"

"त्यांना सांगितलं, आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जातं." तिने माझा हात धरला. "त्याला पाडायलाच केल्या होत्या गो. तू नको बोलली नव्हतीस ना, म्हणून. माझ्याकडे दुसरं काय होतं त्याला अडवायला?"

बाहेर धुकं दाट झालं होतं. गाव उद्या उचलणार, ती म्हणाली. हुसेनने सगळ्यांना सांगितलं, रोटी खलास. दारं ट्रकमध्ये चढवत होते.

"मग सालेम?"

"तो बरा झाला आज," ती म्हणाली. "गेला आपल्या कामाला."

तिने पिशवीतून फडकं काढून टेबलावर ठेवलं. वर गाठ होती. दोन टोकं आत, तिसरं वरून, चौथं मोकळं.

"त्यानेच परत बांधून दिलं. साहेब ओरडत होता, लवकर, लवकर. तरी गाठ बरोबर मारली."

आता हे लिहिताना घर झोपलंय. ग्लासातल्या पुदिन्याला पांढरी मुळं फुटलीत. पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान उडेल. फडकं अजून टेबलावर आहे. आपा जाताना म्हणाली होती, बघत बसू नको, खा, उद्या आंबतील.

गाठ मोकळ्या टोकाने ओढली की एका झटक्यात सुटते. मी ती सोडली, एक खापरोळी तिच्यासाठी झाकून ठेवली, आणि खायला बसले.