अक्कम्माचा तवा आणि जिन्यातला अलार्म

सोसायटीचे चेअरमन झाल्यावर शिवानंदअण्णांनी पहिलं काम केलं ते प्रत्येक मजल्याच्या जिन्यात धुराचे अलार्म बसवण्याचं. अण्णांचं नवी पेठेत टॉवेलचं दुकान. दुकानात न मावणारे गठ्ठे त्यांनी तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या दाराबाहेर रचून ठेवले होते. त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती.

समोरच्या दारात अक्कम्मा राहायची. नवरा गेल्यापासून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकून तिनं घर चालवलं होतं. अख्खी बिल्डिंग तिचीच गिऱ्हाईक.

दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावरचा अलार्म अवेळी बोंबलायला लागला. पहिल्यांदा लोक अनवाणी खाली पळाले. धूर कुठंच नव्हता. अण्णांनी नाक वर करून वास घेतला आणि निकाल दिला, अक्कम्माचा तवा. तिनं खिडक्या उघडून भाजलं, दार घट्ट लावून भाजलं. अलार्म वाजायचा तो वाजायचाच, कधी तर तिचा गॅस बंद असतानाही. तिनं तसं सांगितलं, तर बैठक बोलावली गेली. रोज तिची चटणी खाणारी माणसं तिथं हाताची घडी घालून बसली. चपलेला लागलेली घाण बघावी तसं अक्कम्मानं एकेकाकडं पाहिलं, भाकरी बंद करते म्हणाली आणि उठली.

मग ती भाचीच्या लग्नाला केम गावाला गेली. घराला कुलूप, तरी अलार्म वाजत राहिला. अण्णांनी खुलासा केला की इतक्या वर्षांचा धूर भिंतीत मुरलाय, तो आता बाहेर पडतोय. लोकांनी माना डोलावल्या.

अखेर त्या आवाजानं अण्णांचं तान्हं नातवंड झोपेना, तेव्हा कुठं अलार्म बसवणाऱ्या बिरुदेवला बोलावणं गेलं. अक्कम्मा त्याच दिवशी परतली होती. पिशवी हातात धरून ती जिन्यात थांबली. बिरुदेवनं झाकण उघडलं. आतल्या जाळीवर टॉवेलचे निळे-गुलाबी तंतू दाट बसले होते. तो म्हणाला की असलं काही आत गेलं की यंत्राला धूरच वाटतो. ब्रशनं साफ करतो, पण गठ्ठे इथून हलवा.

अण्णांनी गठ्ठ्यांकडं एक नजर टाकली. मग म्हणाले, "तू मालच हलका बसवलास."

गठ्ठे हलले आणि अलार्म गप्प झाला. माफी मागायला कुणी आलं नाही. काही दिवसांनी अण्णांची बायको रत्नम्मा मात्र रिकामा डबा घेऊन दारात आली. आत नुकतीच चटणी कुटून झाली होती.

"अक्का, चटणी हाय का?"

"हाय की. पण ती नवी पेठेत किराणा दुकानात जाती. ह्या बिल्डिंगीत विकत न्हाय."

"अजून राग धरलाय व्हय?"

"राग माणसांवर धरत्यात," अक्कम्मा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

आता बिल्डिंगीतली माणसं तिचीच चटणी नवी पेठेतून रिक्षानं आणतात, आणि जिन्यात ती समोर आली की पिशवी पाठीमागं धरतात.