तिकडे ब्रेक नाही

इंजिन बांधतात. दुरुस्त करतात असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. इंजिन बांधायला आलं, म्हणजे ते पार खोलून, धुऊन, झिजलेलं सगळं नवं घालून परत जुळवायचं. आमच्या क्लबातला मेकॅनिक, आमचा उस्ताद, ‘बांधणं’ हा शब्द इतक्या सहज वापरतो की वाटावं, प्रवासाला निघायचंय आणि बिछाना बांधायचाय. माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचं इंजिन त्याने बांधलं त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले. मीही एक खाल्ला. गोड होता.

क्लब म्हणजे फार काही नाही. नांदेडला तरोडा नाक्याच्या पलीकडे एक पत्र्याचं शेड आहे. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण जमतो. प्रत्येकाची एकेक जुनी गाडी, कुणाची चालती, कुणाची विटांवर. उस्ताद सोडला तर आमच्यापैकी कुणालाच नीट काही येत नाही. दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या अँबॅसेडरचा गिअरबॉक्स वर्षभर एका घमेल्यात पडून आहे. लोकांच्या दाढा चुटकीसरशी काढतात, पण काढलेलं परत बसवता येत नाही म्हणून सगळे त्यांची खेचतात. मी रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. दर रविवारी हात काळे करून, वाटेल तेवढा चहा पिऊन आम्ही जेवायला उशिरा घरी जातो. बायको याला पुरुषांची भिशी म्हणायची.

माझी गाडी क्रीम रंगाची. गिअर हँडललाच, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. मुलगी बालवाडीत असताना सेकंडहँड घेतली होती. सुट्टी लागली की आम्ही तिघं तिच्यातून कंधारला, माझ्या सासरवाडीला जायचो. बायको माझ्या डाव्या हाताला बसायची आणि गाडी सुरू झाल्यापासून उतरेपर्यंत ब्रेक दाबत राहायची. तिच्या बाजूला ब्रेक नव्हता, हे सांगायला नको. पण समोर म्हैस आली, एसटी आली, नुसतं वळण आलं, तरी तिचा उजवा पाय खाड्कन खाली जायचा. मी म्हणायचो, "अगं, तिकडे ब्रेक नाही." ती म्हणायची, "माहीत हाय मला." आणि पुढच्या म्हशीला परत दाबायची. हा आमच्या घरातला ठरलेला विनोद होता. मुलगी मागच्या सीटवरून माझ्याही आधी ओरडायची, आई, तिकडे ब्रेक नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो माझा सांगून झाला होता.

मग गाडी एकदा बंद पडली ती पडलीच. अंगणात ताडपत्रीखाली कितीतरी वर्षं उभी राहिली. उन्हाळ्यात बायको ताडपत्री काढायची आणि टपावर जुनं धोतर पसरून कुरडया वाळत घालायची. "आत्ता कुठं ही गाडी घराच्या कामाला आली," म्हणायची.

माझ्या पायांचं आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. साखरेचा त्रास मला बरीच वर्षं आहे. हळूहळू तळपाय सुन्न होत गेले. फरशी गार आहे का गरम, कळेना. चप्पल वाटेत पायातून निघून जायची आणि मी तसाच चार पावलं पुढे. दवाखान्यात एक वाजणारा चिमटा पायाला लावून विचारलं, थरथर जाणवते का. मी म्हणालो, कसली? तेव्हापासून बायकोने कामच लावून घेतलं. जेवणं झाली की ती चष्मा लावून माझे पाय मांडीवर घ्यायची आणि तळवे निरखून बघायची. एकदा बाभळीचा काटा निघाला, चांगला आतपर्यंत गेलेला. दिवसभर मी त्याच्यावर चाललो होतो. काटा हातात धरून ती रडली. मी म्हणालो, अगं, मला दुखत नाही ना, मग तू कशाला रडतेस? ती म्हणाली, "तुम्हाला दुखत न्हाई म्हणूनच रडून राहिले." आणि म्हणाली, पुन्हा कधी गाडी चालवायचं नाव काढू नका. मी हो म्हणालो. गाडी तर विटांवर होती, हो म्हणायला काय जात होतं?

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. सकाळी चहा ठेवला आणि ओट्याला धरून खाली बसली. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला रडू आलं नाही. गोदावरीवर सगळं उरकून आलो, लोक येऊन बसून गेले, तेरावं झालं, तरी नाही. मला वाईट वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. तेराव्यानंतरच्या रविवारी मी शेडवर गेलो आणि उस्तादला म्हणालो, पद्मिनी घे कामाला.

मुलगी लातूरला दिली आहे. तिला हे कुणाकडून तरी कळलं. तिचा फोन आला. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" मी म्हणालो, गाडीचं काम काढलंय. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचे फोन आखूड झाले. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू का.

गाडी खोलली तेव्हा उस्तादने आतली रबरी मॅट उपसून बाहेर टाकली आणि खाली वाकून बघत बसला. मॅटला डाव्या बाजूला एक भोक पडलं होतं, टाचेएवढं. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी त्या भोकातून खाली मुरत गेलेलं, आणि बरोबर त्या जागी खालचा पत्रा सडून आरपार गेला होता. बाकी तळ शाबूत.

"कमाल हाय साहेब," उस्ताद म्हणाला. "डायवरच्या बाजूला सडतो पत्रा. हितंच कसा काय सडला?"

मला माहीत होतं कसा सडला. मी म्हणालो, काय की. त्याने तो तुकडा कापला, नवा पत्रा मारला, रंग दिला. मॅट ठेवायची का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, कशाला, फेकून द्या. भंगारवाला येऊन घेऊन गेला, मी तिथेच उभा होतो.

आमच्या क्लबाची लातूरकडची मंडळी वर्षातून एकदा एका शाळेच्या मैदानावर सगळ्यांच्या गाड्या मांडतात. लोक पोरंबाळं घेऊन येतात, बॉनेटला टेकून फोटो काढतात. क्लबाचा रिवाज असा की ज्याची गाडी, त्यानेच ती पहिल्यांदा चालवत न्यायची. मी ठरवलं, आपण न्यायची. लातूरला जायचं आणि मैदानाच्या आधी लेकीच्या दारात उभी करायची. तिने जे विचारलं होतं त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. पायांचं मी क्लबात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किल्ली हातात मिळाली नसती. शेडभोवती चकरा मारून पाहिल्या. क्लच सुटल्याचं पायाला कळत नव्हतं, पण कानाला कळत होतं. इंजिनाचा आवाज जरा दबला, की सुटला. मला वाटलं, जमतंय की.

निघायच्या दिवशी उस्तादने बजावलं, "नवं बांधलेलं हाय. चाळीसच्या वर न्यायची न्हाई. आरामशीर." डॉक्टरांनी मागच्या काचेवर कागद चिकटवला, इंजिन ऑन टेस्ट. पूर्वी ट्रकवाले लावायचे, मागच्याने चिडू नये म्हणून. डॉक्टरांची स्वतःची गाडी घमेल्यात, त्यामुळे ते माझ्या शेजारी बसले. बाकीचे पुढे निघून गेले.

लोहा मागे पडलं. ट्रक हॉर्न देत ओलांडून जात होते. एकाचा क्लिनर काचेवरचा कागद वाचून ओरडला, "काका, इंजिन टेस्टवर हाय, का तुम्ही?" डॉक्टर पोट धरून हसले. मीही तोंड हसरं केलं. शेतांत तुरी उभ्या होत्या, हवा चांगली होती, इंजिन सुरेख बोलत होतं. ज्याच्यासाठी माणूस जुन्या गाडीवर जीव टाकतो ते सगळं त्या सकाळी होतं. मला ते दिसत होतं, एवढंच.

अहमदपूरच्या अलीकडे उतारावर उसाची ट्रॉली पुढे होती. ती एकदम थांबली. मी ब्रेकवर पाय दिला. ब्रेक अर्धा गेला आणि अडला. पुन्हा दाबला, पुन्हा तिथेच. डॉक्टर ओरडले, "सर, ब्रेक!" मी हँडब्रेक ओढला आणि गाडी उजवीकडच्या मुरमावर घातली. उसाची पानं डाव्या काचेवरून घासत गेली. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीचा कोपरा डॉक्टरांच्या दारापासून वीतभर होता.

डॉक्टरांनी वाकून खाली पाहिलं. ब्रेकखाली माझी चप्पल आडवी होऊन बसली होती. माझा पाय अनवाणी होता.

"चप्पल निघाल्याचं कळलं न्हाई तुम्हाला?"

"नाही."

"कधीपासून हाय हे?"

"झाली तीन-चार वर्षं."

त्यांना दोन मुलं आहेत, धाकटा अजून शाळेत जातो. ते मला वाटेल ते बोलू शकले असते, आणि मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी चप्पल काढून माझ्या हातात दिली. ट्रॉली पुढे सरकल्यावर खाली उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि म्हणाले, "सरका तिकडं."

सीट सलग होती. मी सरकलो.

त्या जागेवर मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. इतकी वर्षं माझी म्हणून मिरवलेली गाडी, आणि तिच्या या अर्ध्या भागातून रस्ता कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. रस्ता जास्त अंगावर येतो. हाताशी धरायला काही नाही. दुसरा माणूस चालवतो आणि आपण नुसतं बघत बसायचं. डॉक्टर तसे सावकाशच चालवत होते. एका वळणावर समोरून एसटी आली, रस्त्याच्या मधूनच.

"सर," डॉक्टर म्हणाले, हसावं की नाही अशा आवाजात, "तिकडं ब्रेक न्हाई."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय पुढे ताणून नव्या पत्र्यावर रोवलेला होता. तळव्याला काही कळत नव्हतं, पण गुडघा ताठ होता. उस्तादने ठिगळ मारलं होतं नेमकी तीच जागा.

डॉक्टरांना आमच्या घरातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. कुणीही म्हणेल असंच ते बोलले होते. पण ते वाक्य मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, मी तिला म्हणायचो. आणि मला कळलं, ती विनोद करत नव्हती. तिला भीती वाटायची. प्रत्येक म्हशीला, प्रत्येक वळणाला, माझ्यासाठी, मागच्या पोरीसाठी. मी ते पाहुण्यांना सांगून हसवत होतो. तिची तेवढी एक खूण या गाडीत राहिली होती, आणि ती मी भंगारात घातली.

"गाडी थांबवा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. ते खाली उतरले आणि पाठ करून उभे राहिले, फोनवर काहीतरी बघत. मी तिच्या जागेवर बसून रडलो. मोठ्याने रडलो. शेजारच्या रानात कुणी बाई तुरीच्या शेंगा तोडत होती. ती ताठ उभी राहून बघू लागली, तरी मला थांबता येईना. वाईट वाटतं तेव्हा ते छातीत दुखतं, हे मी विसरलो होतो. ते दुखणं मला हवंसं वाटलं.

मैदानावर गाडी डॉक्टर घेऊन गेले. मला त्यांनी लेकीच्या दारात उतरवलं. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागून निघालेल्या गाडीकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागाचं होतं, आणि ते बरोबरच होतं.

"चालवत आलात?"

"अर्ध्या वाटेपर्यंत. पुढे तुझ्या आईच्या जागेवर बसून आलो."

तिला कळलं नाही. मी दारातच चपला काढल्या आणि आत जाऊन खुर्चीवर बसलो. उजव्या तळव्याला काहीतरी झालं असावं, चालताना फरशीवर ओला डाग पडत होता.

"चष्मा आहे का तुझा?" मी म्हणालो. "असला तर जरा माझे पाय बघ. आई बघायची रोज."

तिने फरशीवरच्या डागाकडे पाहिलं. मग चष्मा घेऊन आली, खाली बसली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला.