दलघमीचे मिली

माजलगावच्या धरणावर साठ्याची रोजची आकडेवारी तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. पातळी कळली की तक्त्यावरून साठा काढायचा, तो दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. साहेबांना दलघमी लागतात. फोन करणारे शेतकरी टीएमसी विचारतात, मग अठ्ठावीस पूर्णांक काहीतरीने भागून सांगायचं. हे मी डबा खाता खाताही करते.

घरी मात्र मिली. वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिली पाणी ठरवून दिलं. चहा, वरण, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच. मी खुणांची एक प्लॅस्टिकची बाटली आणली. सकाळी भरायची, दिवसभर त्यातूनच द्यायचं. एकदा ऑफिसात बसल्या बसल्या हिशेब केला. एक दलघमी म्हणजे एक लाख कोटी मिली. दादांना चौतीस लाख वर्षं पुरेल. उत्तर बघून मला काहीच वाटलं नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही. कॅल्क्युलेटर बंद केला आणि पुढचा फोन घेतला.

बाटली बरोबर चालली होती, तरी दादांचं वजन दोन डायलिसिसच्या मधे वाढायचंच. पाय सुजायचे, रात्री आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टर आमच्यावरच डाफरले, "पाणी कुठून जातंय ते शोधा, नाहीतर एक दिवस छातीत भरेल." आम्ही आमटी घट्ट केली, कलिंगड बंद केलं. वजन काही हटेना.

शोध आईला लागला. तेलगावकडच्या आमच्या गावातून दादांना बघायला माणसं यायची. दादांच्या लहानपणी आमच्या घरचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं. धर्म बदलला, मी नोकरीला लागले, दिवस पालटले. तेव्हापासून दादांचा नेमच होता, आलेल्याला स्वतःच्या हाताने तांब्या द्यायचा आणि त्याच तांब्यातून आपणही घोटभर घ्यायचं. आमच्या घरात त्याला कोणी पाणी पिणं म्हणतच नसे, ती पाहुण्याला सोबत. म्हणून ते माझ्या बाटलीत कधी धरलंच नव्हतं. आणि माणसं तर रीघ लावून येत होती.

दादांना सांगून उपयोग नव्हता, ऐकणाऱ्यातले ते नव्हेत. मग आई पायरीवरच उभी राहू लागली. हात जोडायची आणि हळूच म्हणायची, "आत पाणी घेऊ नका, तुमच्यासोबत तेबी पेतेत." लोक समजूतदार. आत यायचे, तब्येत विचारायचे आणि पाण्याला नको म्हणायचे. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, शाब्बास.

दादा बोलेनासे झाले. एकदा फक्त विचारलं, "लोकं पाणी कावून घेइनात गं?"

"थंडी हाय," आई म्हणाली. थंडी कुठली, पंखा चालू होता.

मग दादांचे एक शाळासोबती आले. गावातले मोठे बागायतदार. ह्यांच्या घरी दादा लहानपणी अंगणाबाहेर उभे राहत आणि पाणी वरून ओंजळीत पडे. पुढे तेच आमच्याकडे पहिल्यांदा पाणी प्याले, हे दादा येईल त्याला सांगत. आईने त्यांनाही पायरीवर गाठलं.

दादांनी तांब्या उचलला.

"नको, आत्ताच पेऊन आलो," सोबती म्हणाले.

दादांनी तांब्या खाली ठेवला नाही. "माझी जात आठवली का बे तुला? म्हातारपणी?"

सोबती आईकडे बघू लागले, आई जमिनीकडे.

"तसं न्हाई बे," ते म्हणाले. "मी पेलो तर तूबी पेशील, आन् तुला पाणी म्हंजी इख. वहिनीनं सांगितलं. समद्यांनाच सांगितलंय."

दादा आईकडे वळले. मला वाटलं, आता तांब्या भिंतीवर जाणार. पण त्यांनी तो सोबत्याच्या हातात दिला.

"मी न्हाई पेत. तू पी. माझ्यासमोर पी."

ते प्याले. घसा वरखाली होत होता आणि दादा त्या घशाकडे बघत होते. ते निम्म्यात थांबले, तर दादा म्हणाले, "समदं." तांब्या रिकामा झाला. दादांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे वळले.

"अजून दे त्याला."

मी दिलं.