उजेडात फुगलेले आकडे

समजा, तुम्हाला इंग्रजी आठचा आकडा काढायचाय. ब्रशने नाही, कंपासने. एकावर एक दोन वर्तुळं, रेघ सगळीकडे सारखी जाड. सोपं वाटतं ना? काढून बघा. दोन्ही वर्तुळं एकाच मापाची ठेवलीत, तर आठ डोकं जड झाल्यासारखा दिसतो. आडवी रेघ उभीएवढीच जाड ठेवलीत, तर ती उगाच लठ्ठ वाटते. डोळ्याला थोडं फसवल्याशिवाय आकडा सरळ दिसत नाही.

ही फसवाफसवी चकतीच्या हातात मुरली होती. पोरगी सदानकदा वर्तुळं गिरवायची, म्हणून मावशीनेच तिला हे नाव ठेवलेलं. छपाईची अक्षरं घडवणं हा तिचा धंदा आणि डोळ्यांच्या इस्पितळाच्या पाट्या हे तिचं पहिलं मोठं काम. जाडजूड, गोल, ठसठशीत आकडे. कागदावर ते खोलीच्या पार टोकावरून वाचता यायचे.

पाट्या त्याच सकाळी लागल्या होत्या आणि मावशीची तपासणीही त्याच दिवशी, आठ नंबरात. तिला पुढे पाठवून चकती खालच्या पाट्यांचे अगदी जवळून फोटो काढत राहिली. मग आठ नंबरात डोकावली, तर मावशी नाही.

मावशी सापडली सहा नंबरात, ऑपरेशनच्या तयारीच्या खोलीत. अंगात ऑपरेशनचा हिरवा झगा, डोक्याला टोपी, एका भुवईवर शाईची खूण.

"मावशी! अगं, हे काय?"

"मला काय विचारतेस? नर्स म्हणाली बसा, बसले. थेंब घातले, झगा दिला. म्हटलं, हल्ली तपासणीचा थाट भारीच वाढलाय."

"दारावर सहा लिहिलंय!"

"कुठला सहा? दारावर उजेडाचा भोपळा आहे नुसता. शेजारच्या दारावरही भोपळाच."

चकती बाहेर धावली. लांबून मागे वळून पाहिलं. पाट्या आतून दिव्यांनी पेटवलेल्या, काळ्यावर पांढरे आकडे. उजेड कडांवरून सांडून आकड्यांच्या पोटातली काळी पोकळी गिळत होता. तीन, सहा, आठ, सगळे एकाच साच्यातले गोळे. तिने आकडे तपासले होते ते कागदावर, पांढऱ्यावर काळे. दिवा लावून एकदाही नाही.

ती परत आत आली, तर नर्सचाही चेहरा पडलेला.

"नाव नाही का विचारलंत?"

"यादीतलं नाव घेऊन विचारलं की, ताई. आजी हो म्हणाल्या."

"मला धड ऐकूही आलं नाही," मावशी म्हणाली. "इस्पितळात आपण कशाला नाही म्हणा?"

"सगळेच हो म्हणतात," नर्स हळूच म्हणाली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतून एका म्हाताऱ्याला बाहेर आणलं. एका डोळ्यावर ताजी पट्टी. तो सगळ्यांकडे बघून गोड हसला.

चकतीने खुर्चीचा दांडा धरला.

"बाबा, तुम्हाला कुठल्या खोलीत जायला सांगितलं होतं?"