अखंड अल्बम श्रवण सोहळा

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये अंगद सॉर्टेक्स मशीन चालवतो. तुरीच्या डाळीतला काळा, किडका दाणा हे मशीन हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतं, आणि ते नीट उडवतंय की नाही हे बघत अंगद दिवसभर उभा असतो. तिथे आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. असा माणूस घरी जाऊन पुन्हा कानाला हेडफोन लावतो आणि गिटारांचा कल्लोळ ऐकत बसतो, याचं मिलमधल्या लोकांना कोडं पडलेलं. "मालक पगार देतो तरी आमाला त्यो आवाज नको झालाय, आन् तू पदरचे पैसे घालून ऐकून राहिलास?" असं त्याला हमालसुद्धा विचारून गेलेत. बायको अंबिका तर हेडफोनमधून झिरपणारा आवाज ऐकून एवढंच म्हणते, "आज कुनाचं भांडण चालूय?"

अंगद मूळचा भोकरजवळच्या एका खेड्यातला. नांदेडला आयटीआय करताना रूमवरच्या कुणीतरी जुन्या बाजारातून एक सीडी आणली होती. तिच्यात कुठल्याशा इंग्रजी गिरणगावातल्या 'ब्रोकन बॉयलर' नावाच्या बँडचा 'वेट कोल' हा अल्बम होता. चार पोरं, तीन गिटार, एक ड्रम, आणि गाण्यात निव्वळ संताप. अंगदला त्यातले शब्द तेव्हा कळत नव्हते, आजही निम्मेच कळतात. पण ही पोरं कुणावर तरी जाम चिडलीत आणि ते लपवत नाहीत, एवढं त्याला पहिल्या फटक्यात कळलं. घरात मोठ्यांसमोर मान वर करायची नाही अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. तेव्हापासून आजपर्यंत त्याने तो अल्बम एकट्यानेच ऐकला. आणि दुखणं नेमकं तिथंच होतं. एवढी चांगली गोष्ट, आणि शेजारी बसून ऐकायला माणूस नाही.

मग व्हॉट्सॲपवर त्याने 'नांदेड-लातूर रॉक परिवार' नावाचा ग्रुप काढला. नियम साधा होता. दर महिन्याला एकाने आपल्या आवडीचा एक अल्बम टाकायचा, बाकीच्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग बोलायचं. आता नियम साधा असला की तो आपल्याकडे पाळत नाहीत. उदगीरचा वीरेश, ज्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तो पाऊण तासाचा अल्बम पडल्यावर मिनिटाच्या आत "लई भारी दादा" लिहून मोकळा व्हायचा. लातूरचा मंडपवाला शिवशंकर अंगठा दाखवायचा आणि खाली आपल्या साउंड सिस्टीमची जाहिरात टाकायचा. अंगद रात्रंदिवस धुमसायचा. तुम्ही जेवायला बसता तेव्हा नुसती चटणी चाटून उठता का, असं त्याने एकदा ग्रुपवर विचारलं. त्यावरही वीरेशने "लई भारी दादा" लिहिलं.

अपवाद एकच, पुनम. ती हिमायतनगरची, नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी करायची. अंगदने एकदा टाकलेल्या अल्बमवर तिने सरळ लिहिलं, "पाचवं गाणं बोर हाय, उगं लांबवलंय." अंगदचा पारा असा चढला की दोन घास कमी गेले त्या दिवशी. पण मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. पाचवं गाणं बोर वाटायला आधी पाचव्या गाण्यापर्यंत पोचावं लागतं. ही मुलगी ऐकते! त्याला इतका आनंद झाला की त्याने अंबिकालाही ते वाचून दाखवलं. अंबिका म्हणाली, "बोर हाय म्हनली तर तुमी हसून काय राहिले?"

'वेट कोल' मात्र त्याने ग्रुपवर कधी टाकलाच नव्हता. अंगठे दाखवून घ्यायला तो काही गुड मॉर्निंगचा मेसेज नव्हता. त्या अल्बममध्ये एक गंमत आहे, आणि ती सलग ऐकल्याशिवाय हाती लागत नाही. पहिल्या गाण्यात जी धून चिडून येते, तीच शेवटच्या गाण्यात दमून, हळूहळू परत येते. ती ओळखू आली की अंगावर काटा येतो. तो काटा दुसऱ्या कुणाच्या अंगावर आलेला अंगदला एकदा बघायचा होता. म्हणून त्याने ठरवलं, एका रविवारी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, फोन बंद करायचे, आणि पस्तीस मिनिटं गप्प बसून 'वेट कोल' ऐकायचा. बस्स.

"जागेचं आन् साउंडचं माज्यावर सोडा," शिवशंकर म्हणाला. त्याच्या मेहुण्याच्या कोचिंग क्लासचा हॉल रविवारी तीन ते पाच मोकळा असायचा, पाचला परीक्षा पुन्हा देणाऱ्या पोरांची रिपीटर बॅच. दोन तासांत पस्तीस मिनिटं म्हणजे चैन होती. अंगदने त्याच्यावर सोडलं. मंडपवाल्यावर कार्यक्रम सोडला की काय होतं, हे एवढी वर्षं लातुरात काढूनही त्याच्या लक्षात आलं नाही, म्हणजे कमाल आहे.

रविवारी तो क्लासच्या गेटवर पोचला. गेटवर भला मोठा फ्लेक्स. 'अखंड अल्बम श्रवण सोहळा'. एका बाजूला अंगदचा आधार कार्डावरचा फोटो, दुसऱ्या बाजूला त्याच्या चौपट आकाराचे, पांढऱ्या कपड्यांतले, हात जोडलेले आप्पासाहेब. हे आप्पासाहेब एका पतसंस्थेचे माजी चेअरमन. त्यांचा रॉकशी संबंध एवढाच की त्यांच्या नातवाच्या बारशाचा मंडप शिवशंकरने घातला होता.

"ह्येंला कामून बोलावलं?" अंगदने शिवशंकरला कोपऱ्यात घेतलं.

"आवं दादा, कारेक्रम म्हनलं की अध्यक्ष लागतोच की. बिगर अध्यक्षाचं कुटं असतंय का?"

आत स्टेज, स्टेजवर सोफा, सोफ्यावर टर्किशचे टॉवेल. खुर्च्यांवर शिवशंकरचे कामगार, त्यांची पोरंबाळं आणि मेहुण्याकडची मंडळी. पहिल्या रांगेत वीरेश सेल्फी काढत होता. पुनम नांदेडहून एसटीने येऊन एका कडेला बसली होती. तिला पाचची परतीची गाडी धरायची होती. तिने अंगदकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. अंगदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सुरू झालं. प्रास्ताविक झालं. फेटे बांधले गेले. अंगदच्या डोक्यावरही एक भगवा फेटा चढला, आणि त्या फेट्याखाली तो तापत बसला. शाल झाली, श्रीफळ झालं. कुणाचा सत्कार कुणाच्या हस्ते व्हावा यावर स्टेजच्या मागे थोडी बाचाबाची झाली, ती माइकवर सगळ्यांना ऐकू आली. चार वाजून गेले तरी अल्बम पेन ड्राइव्हमध्ये आणि पेन ड्राइव्ह अंगदच्या मुठीत.

त्यानंतर प्रतिमापूजन. आपल्याकडे टेबलावर फोटो ठेवून हार घातल्याशिवाय कार्यक्रमाला तोंड लागत नाही. आता या कार्यक्रमाला फोटो कुणाचा? शिवशंकरने विचार करून, खर्च करून, ब्रोकन बॉयलरचा जुना काळा-पांढरा फोटो इंटरनेटवरून काढून फ्रेम केला होता. केस विस्कटलेले, जीभ काढलेले चार गोरे पोरगे. त्यांच्यासमोर समई, उदबत्ती. आप्पासाहेबांनी पुढे होऊन झेंडूचा जाड हार त्या फोटोला घातला आणि हात जोडून डोळे मिटले.

जिवंत माणसाच्या फोटोला आपण हार घालत नाही, हे शिवशंकरला माहीत होतं. पण पाहुण्यांना हार घालतातच की, असा त्याचा साधा हिशेब. आप्पासाहेबांनी मात्र काळा-पांढरा फोटो बघितला, हार बघितला, उदबत्ती बघितली, आणि जे समजायचं ते समजले. माइक हातात घेऊन ते जड आवाजात म्हणाले, "चौघंही एकदमच गेले. काय वय होतं? काळानं अशी झडप घातली..."

"आप्पासाहेब, ते जित्ते हायेत!" अंगद उठून त्यांच्या कानाशी लागला. "चौघं बी जित्ते हायेत! साठी ओलांडली त्येंनी!"

आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धीर धरा, अंगदराव. तुमच्या मनातून ते जाणारच न्हाईत." आणि सभागृहाला म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

हॉल उभा राहिला. वीरेशसुद्धा मोबाईल खिशात घालून उभा राहिला. अल्बमसाठी जी शांतता अंगदला हवी होती, अगदी तशीच निखळ शांतता तिथे पसरली, आणि ती अशी वाया चालली होती. मागच्या एका बाईंनी डोळ्यांना पदरही लावला. अंगद फेटा बांधून, मुठीत पेन ड्राइव्ह आवळून, चार धडधाकट माणसांच्या दुखवट्यात उभा होता. आयुष्यात इतका हतबल तो कधी झाला नव्हता.

आप्पासाहेबांचं भाषण लांबलं. ते गिरणगावावरून सहकारावर आले आणि सहकारावरून स्वतःच्या कारकिर्दीवर. पाचला दहा कमी असताना शिवशंकरच्या ऑपरेटरने एकदाचा पेन ड्राइव्ह लावला. सवयीप्रमाणे त्याने एको चढवला आणि बास फुल्ल केला. पहिलं गाणं डीजेच्या वरातीसारखं धडधडलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि मध्येच ते बंद करून उशिरा आलेल्या एका पाहुण्याला शाल घालण्यात आली.

अंगदच्या डोक्यातली कळ फिरली. त्याने माइक ओढला आणि आयटीआयपासून साठलेलं सगळं ओकून टाकलं. "तुमाला ऐकायचंच न्हाई! कुनालाच ऐकायचं न्हाई! समद्यांना नुसतं दिसायचंय! फेटे घाला, फोटो काढा, जावा घरी!" त्याने फेटा काढून टेबलावर आदळला. मग टाळ्यांचा कडकडाट. आप्पासाहेब सगळ्यांत जोरात वाजवत होते. इतकं तळमळीचं मनोगत त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं म्हणे. तेवढ्यात दार उघडून रिपीटर बॅच जाडजूड पुस्तकं घेऊन आत आली आणि सोहळा संपला.

पुनमची गाडी गेली होती. शिवशंकरचा टेम्पो एका लग्नाचं सामान घेऊन अहमदपूरला निघाला होता. तिथून नांदेडची गाडी मिळाली असती. "चला ताई, सोडतो," शिवशंकर म्हणाला. तो स्वतः चालवायला बसला. पुनमला टेम्पोत एकटीला पाठवणं बरं दिसेना, म्हणून अंगदही चढला. तसं त्याने अंबिकाला फोनवर सांगितलं. खरं कारण त्याच्या मुठीत होतं, ऑपरेटरकडून परत काढून घेतलेला पेन ड्राइव्ह.

टेम्पोच्या टेपला पेन ड्राइव्ह लागत होता. शहर मागे पडलं आणि त्याने 'वेट कोल' लावला. ना एको, ना सत्कार. पुनम खिडकीशी नीट सरसावून बसली, शिवशंकरही गप्प होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेजारी माणसं होती. अंगदला आनंदाने काही सुचेना. आणि सुचेना म्हणून तो बोलायला लागला.

"आता बग, हितं ड्रम थांबतो... हे गानं त्यांनी गोदामात रेकॉर्ड केलं... ही ओळ मालकाला शिवी हाय..." प्रत्येक गाण्याला त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं. इतकी वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं, ते सगळं भडाभडा बाहेर पडत होतं. पुनम सुरुवातीला "हाव" म्हणाली, मग नुसती मान हलवली, मग तीही हलवेनाशी झाली. आणि शेवटच्या गाण्याच्या आधी, अजिबात राहवेना म्हणून, तो बोलून गेला, "आता खरी गंमत. पहिल्या गान्याची धून हाय ना, तीच आता हळू येनार. ध्यान दे!"

धून आली. पुनमच्या अंगावर काटा आला नाही. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"दादा," ती शांतपणे म्हणाली, "ते माजं मला सापडू द्यायचं होतं की."

शिवशंकरने उगाच हॉर्न वाजवला.

पुनमने टेप बंद केला, पेन ड्राइव्ह काढून त्याचं मोबाईलला लागणारं टोक आपल्या फोनला जोडलं आणि कानात इअरफोन घातले. पहिल्यापासून लावलं. मग तिने खिडकीकडे तोंड केलं. अंगद शेजारी बसून राहिला. इंजिनाच्या घरघरीशिवाय त्याला काही ऐकू येत नव्हतं. पुनमचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं, त्यावरून कुठलं गाणं चालू आहे ते त्याला बरोबर कळत होतं. गोदामातलं गाणं आलं, मालकाच्या शिवीचं आलं. पाच-सहा वेळा त्याचं तोंड उघडलं आणि त्याने ते मिटलं. सोपं नव्हतं ते.

अहमदपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिचं बोट मंदावलं. मग थांबलं. तिने हात हळूच उलटा करून आपल्या मनगटावरचे उभे राहिलेले केस बघितले आणि ओढणी त्यावर ओढून घेतली. अंगदने ते बघितलं आणि तो समोर रस्त्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांनी कुणीतरी 'वेट कोल' सलग, गप्प बसून, अख्खा ऐकला होता, आणि त्याला त्यातला एक सूरही ऐकायला मिळाला नव्हता.