मावशीच्या जाळ्याची भोकं

माझी मावशी मासेमारीची जाळी विणायची आणि भांडायची. दोन्हींत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बंदरावरच्या तिच्या शेडमध्ये जाळं घ्यायला आलेल्याला आधी व्याख्यान ऐकावं लागे: भोकं मोठीच राहणार, लहान मासळी सुटलीच पाहिजे. बारीक जाळं मागणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावायची.

मग लढाई आमच्यापर्यंत आली आणि बंदर बंद झालं. इस्पितळाकडे जाणाऱ्या उघड्या रस्त्यावर ड्रोन घिरट्या घालू लागले. बघावं तर खेळणं, पण पोटाला टेपने बॉम्ब बांधलेला. त्याच रस्त्यावरून मावशीची लेक रुग्णवाहिका चालवायची. तिला घरी बसवायचा प्रयत्न मावशीने एकदाच केला. लेकही तिचीच ना, तिने ऐकलं नाही.

मग मावशीने रस्ताच झाकायचं ठरवलं. शेड रिकामी केली, हात धुऊन होडीवाल्यांच्या मागे लागली आणि त्यांचीही जाळी रस्त्याकडेच्या खांबांवर चढवली. एक कॅप्टन पाहणीला आला आणि ‘हवाई धोका प्रतिबंधक आच्छादन’ असं काहीतरी म्हणाला. जाळं म्हणा, वाचलेल्या वेळात एक गाठ मारून होईल, असं त्याला सुनावून ती पुन्हा शिडीवर चढली.

रस्ता झाकून झाला. पण एक दिवस तळहाताएवढा ड्रोन त्या मोठ्या भोकातून अलगद आत शिरला आणि रुग्णवाहिकेपुढे फुटला. मावसबहीण वाचली, कपाळाला टाके पडले. मी नशिबाला, शत्रूला आणि त्या कॅप्टनलाही शिव्या घातल्या. मावशीने कुणालाच दोष दिला नाही. खांबाखाली उभी राहून ती बराच वेळ वर बघत होती.

“भोकं माझीच आहेत,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती जन्मभर नाकारलेलं बारीक जाळं विणायला बसली. बोटं सोलली. मी सुई काढून घ्यायला गेले तर माझ्याकडे असं पाहिलं, की मीच दुसरी सुई घेऊन शेजारी बसले. नव्या जाळ्यात चिमण्या अडकत. मावशी रोज सकाळी काठी घेऊन त्यांना सोडवायची, वर आंधळ्या कुठल्या म्हणून रागवायची.

टाके निघाले आणि बहीण पुन्हा गाडीवर गेली. एका दुपारी तिच्या डोक्यावर जाळं हललं. तसलाच इवलासा ड्रोन पाती गुंतून लटकत होता. तिने गाडी थांबवली नाही, रुग्णाला पोचवलं आणि मगच घाबरली. सैनिकांनी रस्ता रिकामा करून ड्रोन निकामी केला.

संध्याकाळी ती शेडमध्ये येऊन आईला बिलगली. मावशी रडली, मग डोळे पुसून तिने सुईत दोरा भरला. चहा प्यायला बसलेला एक होडीवाला गमतीने म्हणाला, असलं बारीक जाळं! लढाई संपली की समुद्रात टाकू, श्रीमंत होऊ.

मावशी हसली नाही.

“लढाई संपली की हे जाळून टाकायचं,” ती म्हणाली. “माझ्यासमोर.”