झेंडूमागचे काका

आमचे काका वारले त्या दिवशी मी झेंडूचे फार सुंदर फोटो काढले.

इतके सुंदर, की पाकळीच्या कडेची लाली दिसते, आत शिरलेला काळा किडा दिसतो, किड्याच्या मिशासुद्धा दिसतात. काका दिसत नाहीत. म्हणजे आहेत. झेंडूच्या मागे जो पांढुरका ढग आहे ना, ते काका.

सांगायला लाज वाटते. पण आमच्या भोपाळात आनंद नगरपासून पिपलानीपर्यंत ही गोष्ट माझ्या वतीने सगळ्यांनी आधीच सांगून टाकलेली आहे, आणि प्रत्येकाने आपल्या पदरची भर घातलेली आहे. कुणी म्हणतं मी प्रेताला 'स्माइल प्लीज' म्हणालो. साफ खोटं! तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

कॅमेरा मी दिवाळीत घेतला होता. दुकानातल्या कॅमेऱ्यांत सगळ्यात खालच्या फळीवरचा. त्याच्या डोक्यावर एक चकती होती आणि चकतीवर चित्रं होती. एक बाईचा चेहरा, एक डोंगर, एक पळणारा माणूस आणि एक फूल. मला फुलांचेच फोटो काढायचे होते. मी चकती फुलावर आणली आणि विषय संपवला. सोबतची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. (कारखान्यात पुस्तिका न वाचता मशीनला हात लावणाऱ्या पोरांना मी चांगला झापतो. तो भाग वेगळा.)

मग रोज सकाळी ड्यूटीच्या आधी मी पिपलानीतल्या क्वार्टरांच्या कुंपणांवर ओणवा. कुणाची जास्वंद, कुणाचा गुलाब, कुणाचे डेलिया. कॅमेऱ्याच्या पिशवीत पाण्याच्या फवाऱ्याची एक बाटली असे. फुलावर फुसफुस पाणी मारलं की दव पडल्यासारखं दिसतं, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. बायका खिडकीतून ओरडायच्या, "भाई साहब, फोटो ले लो, लेकिन तोड़ना मत!" मंजिरी, म्हणजे आमची बायको, त्या काळात माझ्याबरोबर फिरायला यायची बंद झाली.

काकांविषयी सांगायलाच हवं. माझे वडील लवकर गेले. काकांनी मला नागपूरहून भोपाळला आणलं, शिकवलं, कारखान्यात चिकटवलं, लग्न लावून दिलं. स्वतः ते फाउंड्रीत होते. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारचे मीठ घेऊन येत. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी आनंद नगरात दोन खोल्यांचं घर बांधलं. एकुलता एक मुलगा शिरीष, माझ्याच वयाचा, कॅनडात. तीन वर्षांत त्याचं येणं झालं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी काकांनी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि गेले. इतका शांत माणूस त्या घरात कधी कुणी पाहिला नव्हता.

शिरीषला फोन मीच लावला. तो म्हणाला, "मला पोचायला तीन दिवस लागतील. थांबवता येईल का रे?"

मी काकूकडे पाहिलं. बाहेर लू सुटलेली, घरात एक कूलर, त्याचंही पाणी संपलेलं. काकू म्हणाली, "ह्यांना ताटकळत ठेवलेलं आवडत नव्हतं. घेऊन जा आजच."

ते मी शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे. विनय, तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना? मला बाबांचा चेहरा बघायचाय. शेवटचा. तेवढं कर माझ्यासाठी."

"करतो," मी म्हणालो. त्या माणसाने मला वाढवलं होतं आणि त्याच्यासाठी माझ्या हातून होण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं.

मी पिपलानीला जाऊन कॅमेरा घेऊन आलो तोवर काकांना अंघोळ घालून बाहेर अंगणात ठेवलं होतं. गर्दी जमलेली. फाउंड्रीतले जुने लोक, मंडळातली मराठी माणसं, शेजारपाजार. सगळ्या कामाचा ताबा शेजारच्या तिवारीजींनी घेतला होता. दुःखाच्या प्रसंगी ताबा घेणारा एक माणूस लागतोच, आणि तिवारीजी त्यासाठी वर्षभर तयार असतात. कुणीतरी खिशातून मोबाइल काढून काकांचा फोटो घ्यायला लागला तर तिवारीजी कडाडले, "अरे, रखो इसको अंदर! विनय जी बड़े कैमरे से ले रहे हैं. शिरीष के लिए!"

झालं. सगळ्यांचे मोबाइल खिशात गेले. काकांच्या चेहऱ्याची सगळी जबाबदारी आता एकट्या माझ्यावर आली.

"फूल और डालो भाई! फोटो में अच्छा आएगा!" तिवारीजी पुढे म्हणाले. मग छातीवर झेंडूचा हार, हारावर हार, त्यावर आणखी एक, कारखान्याच्या युनियनचा. त्या ढिगाच्या पलीकडे काकांचं नाक तेवढं, तेही कापूस घातलेलं.

मी डोळ्याला कॅमेरा लावला. खरं सांगतो, तो लावल्यावर मला बरं वाटलं. सगळे रडत होते आणि मला एकट्याला रडण्यापासून सूट मिळाली होती. समोर काका नव्हतेच, एक चौकट होती. डोकं बंद पडलं आणि हात सवयीने चालू लागले. मी ओणवा झालो. सुकलेली एक पाकळी खुडून टाकली. आणि पिशवीतली फवाऱ्याची बाटली काढून काकांवर फुसफुस पाणी मारलं!

ते मी काय केलं हे मला बायकांच्या रांगेतून ओंजळी पुढे आल्यावर कळलं. कुणीतरी म्हणालं, "गंगाजल आहे." एक म्हातारी म्हणाली, "बेटा, इधर भी." आता अशा वेळी काय बोलायचं? मी प्रत्येकीच्या ओंजळीत फुसफुस करत गेलो. त्यांनी ते डोळ्यांना लावलं, प्यायल्या. (बाटली काच पुसायच्या औषधाची, आतलं पाणी पिपलानीच्या नळाचं. तीन वेळा धुतली होती, आई शप्पथ.) मंजिरी हे सगळं तोंडावर पदर घेऊन बघत होती. तिला हुंदका आवरत नव्हता असं लोकांना वाटलं.

मग मी भराभर फोटो काढले. पायाकडून, डावीकडून, उजवीकडून. कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. तिरडी उचलली तेव्हाही मी उलटा चालत फोटो काढत होतो, आणि फाटकाच्या दगडाला अडखळून तिवारीजींच्या अंगावर पडलो. विश्रामघाटावर काकांना अग्नी देऊन परत आलो तेव्हा निदान शिरीषचं काम झालं, एवढं समाधान होतं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. फोटो कॉम्प्युटरवर लावले. पहिला फोटो, झेंडू. दुसरा, झेंडू. तिसरा, झेंडू, किड्यासकट.

मंजिरी मागे उभी होती. म्हणाली, "अहो, काका कुठायत?"

"मागे आहेत."

"मागे म्हणजे?"

तेव्हा मी पहिल्यांदा ती पुस्तिका उघडली. फुलाच्या चित्रावर चकती असली की कॅमेरा सगळ्यात जवळची वस्तू स्वच्छ घेतो आणि मागचं सगळं पुसट करतो, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या कॅमेऱ्याने काही चूक केली नव्हती. त्याला सांगितलेलं काम त्याने चोख केलं होतं.

मी तडक बाजारातल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने एक फोटो छापून डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"मियाँ, जो धुंधला है वो तो धुंधला ही रहेगा. मगर गेंदा ज़बरदस्त आया है! बड़ा कर दूँ?"

"गेंदा नहीं चाहिए! पीछे मेरे चाचा हैं!"

त्याने पुन्हा पाहिलं. "अच्छा, ये चाचा हैं? हम तकिया समझे." मग त्याला माझी दया आली. "चाचा की कोई पुरानी फोटो ले आओ. चेहरा हम बिठा देंगे. आँखें बंद कर देंगे. कोई पहचान नहीं पाएगा."

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मी काकांचा रिटायरमेंटच्या वेळचा फोटो नेऊन दिला. संध्याकाळी तयार! झेंडूच्या ढिगातून काका वर आलेले, डोळे मिटलेले, केस चापून बसवलेले, गालावर गुलाबी रंग आणि गळ्यात टाय. स्टुडिओवाला म्हणाला, टाय काढायला गेलं तर मान जाते.

मंजिरीने तो फोटो पाहिला. "अहो, हे तर समारंभात भाषण चालू असताना झोपल्यासारखे दिसतायत! हे दाखवणार तुम्ही शिरीषभाऊजींना?"

"मग काय दाखवू? ढग दाखवू?"

"ढग दाखवा. निदान खरा तरी आहे." तिने तो फोटो माझ्या हातातून घेतला आणि गॅसवर धरला. टाय आधी पेटला.

शिरीष आला तो सरळ विमानतळावरून घरी. काकूच्या गळ्यात पडला, रडला, हातपाय धुऊन आला आणि म्हणाला, "विनय, दाखव."

कॅमेऱ्याची वायर मी काकांच्या जुन्या टीव्हीला जोडली. समोर जमिनीवर शिरीष, खुर्चीत काकू, दाराशी मंजिरी आणि सोफ्यावर तिवारीजी. (त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी बोलावत नाही.) आधीच सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा मी वायरच काढून पुन्हा खोचली. पहिला फोटो लागला. अख्ख्या पडद्यावर एक झेंडू.

"वाह!" तिवारीजी म्हणाले. मग म्हणाले, "मतलब... हे राम."

"पुढचा," शिरीष म्हणाला. झेंडू. "पुढचा." झेंडू. शिरीष पडद्याच्या आणखी जवळ सरकला. "पुढचा. अरे, बाबांचा लाव ना."

"हे बाबांचेच आहेत," मी म्हणालो. "चकती फुलावर राहिली रे. मला माहीतच नव्हतं. सगळे असेच आलेत."

काकू टीव्हीकडे एकटक बघत होती. म्हणाली, "युनियनवाल्यांनी किडका हार आणला होता. मला तेव्हाच वाटून राहिलं होतं."

शिरीष माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. हात पुढे करून त्याने स्वतःच कॅमेऱ्याचं बटण दाबायला सुरुवात केली. झेंडू, झेंडू, झेंडू. हा माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून बापाचा चेहरा बघायला आला होता आणि मी त्याला मिशीवाला किडा दाखवत होतो.

शेवटच्या फोटोवर त्याचा हात थांबला. मी उलटा चालत होतो, पडायच्या जरा आधीचा तो फोटो. तिरडी खांद्यावर उचललेली, हार मागे घसरलेले, आणि कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ काय होतं, तर काकांचे पाय. सुतळीने बांधलेले अंगठे. टाचांच्या भेगा. उजव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख. सगळं इतकं स्वच्छ, की हात लावावा.

"फाउंड्रीत लोखंडाचं कास्टिंग पडलं होतं त्यावर," काकू हळूच म्हणाली. "तू पोटात होतास. दवाखान्यात न जाता आधी घरी आले, मी घाबरीन म्हणून."

शिरीष गुडघ्यांवर पुढे सरकला. टीव्ही बुटक्या स्टुलावर होता. त्याने दोन्ही हात काचेवर ठेवले आणि कपाळ त्या पायांवर टेकवलं. जुना टीव्ही चरचरला, शिरीषचे केस काचेला चिकटून उभे राहिले, आणि तो तसाच राहिला. नमस्कार राहून गेला होता त्याचा. तीन दिवस सगळ्यांची कामं करत फिरणारा मी तेव्हा दाराआड जाऊन पोरासारखा रडलो. डोळ्याला लावायला या वेळी कॅमेरा नव्हता.

परत जाण्याआधी शिरीषने चकती बाईच्या चेहऱ्यावर आणली, वरून काकूच्या औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "ह्याला हात लावायचा नाही. नाहीतर मी विमानाचं तिकीट काढून येईन, फक्त तुला बदडायला."

महिन्याभराने एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर तिवारीजी. सफारी सूट, इस्त्री केलेला, केसांना तेल.

"विनय जी, हमारी तो आप अभी खींच लीजिए."

"अभी क्यों तिवारीजी?"

"बाद में आपका भरोसा नहीं."

त्यांनी बहुतेक बाहेर जाऊन दवंडी पिटली. पुढच्या रविवारी फाउंड्रीतले दोन रिटायर्ड फोरमन आले, मग कुणाची आई, मग मंडळाचे अध्यक्ष सपत्नीक. सगळे वेळेआधी येतात, ताठ बसतात आणि आजूबाजूला कुठे फूल नाही ना हे स्वतः उठून तपासतात. आमच्या अंगणातली झेंडूची कुंडी मंजिरीला मागच्या बाजूला न्यावी लागली. माझा फुलांचा छंद तिथेच संपला.

सगळ्यांच्या शेवटी काकू आली. पांढऱ्या साडीत, चष्मा पुसून, खुर्चीत टेकली. फोटो फार चांगला आला. एकेक सुरकुती दिसते. तिने तो हातात घेऊन खूप वेळ पाहिला, मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, "आमच्या विन्याले माणसाचे फोटोही जमतात बरं का. फक्त माणूस जिवंत पाहिजे."